खुणांची वही

"ज्या दिवशी माणसाला लिहिता येऊ लागलं तो दिवस मोठा खरा, परंतु लिहिलेलं चुकलं आहे हे केवळ एका खुणेने दुसऱ्याला कळवता येऊ लागलं, त्या दिवशी मनुष्यजात खऱ्या अर्थाने सुसंस्कृत झाली," असं वामनराव उभे राहून म्हणाले आणि खाली बसले. बाकावर ट्रेडल मशीनवरून नुकताच उतरवलेला एका टॉकीजच्या हँडबिलाचा, शिशाच्या उलट्या अक्षरांचा फर्मा ठेवला होता. शाई ओली होती. वामनराव बसले ते त्यावर. पुढचे दोन तास ते मनुष्यजातीबद्दल बोलत होते, आणि मध्येच उठून खिडकीपाशी गेले की त्यांच्या धोतरावर मागच्या बाजूला 'रोज तीन खेळ, स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय' हा मजकूर सुवाच्य दिसत होता. एकही वेलांटी तुटली नव्हती. मी प्रूफं वाचणारा माणूस असल्यामुळे ते माझ्या लक्षात आलं; सांगितलं मात्र नाही. त्या काळात मी बऱ्याच गोष्टी बघत होतो आणि सांगत नव्हतो.

सन एकोणीसशे बासष्ट. जिल्हा परिषदा नुकत्याच स्थापन झाल्या होत्या. परिषद म्हटली की कागद आणि कागद म्हटला की छापखाना, हे वऱ्हाडातल्या छापखानेवाल्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. काम नागपूरकडे जाऊ नये म्हणून त्यांच्या संघाने ठरवलं की आपले प्रूफरीडर शिकलेले आहेत असं दाखवायचं. त्यासाठी वर्ग हवा, वर्गाला परीक्षा हवी, परीक्षेला प्रमाणपत्र हवं. प्रमाणपत्र आधी छापून झालं, तिरंगी किनार लावून. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की शिकवायला पुस्तकच नाही.

पुस्तक निवडायला तिघांची समिती नेमली. अध्यक्ष किसनराव, अमरावतीच्या राजापेठेतला छापखाना त्यांचा, आणि सभेचा चहाही त्यांचा. तज्ज्ञ वामनराव, अकोल्याचे निवृत्त हेडमास्तर. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांच्या वह्यांवर तांबडी शाई ओतली होती, म्हणून तज्ज्ञ. आणि चिटणीस मी, किसनरावांच्या छापखान्यातला रीडर, कारण सभेचं इतिवृत्त कोणीतरी लिहावं लागतं.

पुस्तक कशाचं, तेही सांगतो. प्रूफ तपासताना समासात ज्या खुणा करतात, त्यांचं. एका खुणेचा अर्थ अक्षर काढा, दुसरीचा जागा सोडा, तिसरीचा होतं तसंच राहू द्या. ती एक भाषाच आहे. बोलायची नाही, छापायची नाही, नुसती पाळायची. नवख्याला ती पहिल्यापासून शिकवील असं पुस्तक आम्हाला निवडायचं होतं.

पहिलं पुस्तक आलं ते विलायतेत छापलेलं, विटेएवढं. त्यातली तीन प्रकरणं मोठी अक्षरं कुठे घालावी आणि छोटी कुठे, यावर होती. मराठीत मोठा क आणि छोटा क नसतो, असं मी नम्रपणे म्हणालो. नसेना का, शिस्त लागते, असं वामनराव म्हणाले. दुसरं पुस्तक पुण्याचं. त्यात खुणा त्रेसष्ट होत्या आणि प्रत्येक खुणेला संस्कृत नाव होतं. नाव आठवेपर्यंत फर्मा छापून गिऱ्हाईक घरी गेलेलं असायचं. तेव्हा मी पिशवीतून तिसरी वस्तू काढून टेबलावर ठेवली. ती पुस्तक नव्हती. शंभर पानी वही होती, शाईचे अंगठे उमटलेली. ती डोमाजीची.

डोमाजी आमचा सगळ्यात जुना कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारा. चांदूर बाजारकडच्या खेड्यातून आलेला, चौथी शिकलेला, एकोणीस वर्षं शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, केसपुढे उभा. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला तेव्हा तीन दिवसांची रजा घेतली होती, तेवढीच. त्याची बायको इंदूबाई त्याच छापखान्यात मागच्या खोलीत कामाला होती. छापून आलेल्या कागदांच्या, त्यांनाही फर्मेच म्हणतात, घड्या घालणं, शिवणं, खळ लावून पुठ्ठे चिकटवणं हे तिचं काम. दीक्षेनंतर विहारातल्या प्रौढांच्या वर्गात ती वाचायला शिकली, आणि वाचता येऊ लागल्याबरोबर तिला छापखान्याच्या चुका दिसू लागल्या. एका लग्नपत्रिकेच्या हजार प्रती घडी घालून झाल्यावर तिने थंडपणे सांगितलं की यात नवरदेवाच्या जागी नवरीच्या बापाचं नाव आहे. त्या दिवशी डोमाजीने ठरवलं की हिला खुणा शिकवायच्या. तिच्यासाठी त्याने दोन वर्षं रात्री बसून ती वही केली.

वहीत बावीस खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेखाली एक उदाहरण. संत्र्याच्या व्यापाऱ्याचं बिल, कापसाच्या जिनिंगची जाहिरात, ती लग्नपत्रिका. आधी चुकलेली ओळ, मग खूण, मग सुधारलेली ओळ. एवढंच. मी बी.ए. झालेला माणूस, मला स्वतःला चार खुणा त्या वहीतून पहिल्यांदा नीट समजल्या.

मध्ये मध्ये काही ओळी गोलात लिहिलेल्या होत्या. आमच्या धंद्यात गोलाला अर्थ असतो. छापायला आलेल्या मजकुराला आम्ही कॉपी म्हणतो, आणि कॉपीवर गोल करून जे लिहिलेलं असतं ती कामगाराला सूचना असते. ती वाचायची, पाळायची, पण छापायची नाही. गोलाबाहेरचं तेवढं छापायचं. हे प्रत्येक कंपोझिटर पहिल्या आठवड्यात शिकतो आणि मरेपर्यंत विसरत नाही. डोमाजी स्वतःसाठी काही टिपायचं असलं की गोलात टिपायचा. ते खाजगी म्हणून मी वाचलं नव्हतं.

किसनरावांनी वही चाळली आणि खूश झाले. माणूस वाईट नव्हता; पैसे न लागणारी कोणतीही चांगली गोष्ट त्यांना मनापासून आवडायची. डोमाजीला बोलावलं, पाठ थोपटली आणि विचारलं, याचं काय घेशील?

"पैशे नको, मालक. वरतं नाव पाह्यजे."

"कोनाचं?"

"माहंच. माही वही हाय."

किसनराव "पाहू" म्हणाले. वही वामनरावांनी अवलोकनार्थ म्हणून आठ दिवसांकरता अकोल्याला नेली.

आठ दिवस दोन महिने चालले. त्या दोन महिन्यांत डोमाजीने मला रोज एकदा विचारलं, काही कळलं काय? काम सुटल्यावर त्याने कोऱ्या कागदावर स्वतःचं नाव वेगवेगळ्या टाइपात छापून बघितलं होतं. इंदूबाईनेच मला ते हसत हसत सांगितलं. चोवीस पॉइंटात बरं दिसत होतं म्हणे.

दुसरी सभा अकोल्यात, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, वामनरावांच्या घरी झाली. तिथे चौथं पुस्तक टेबलावर आलं. ते हस्तलिखित होतं. त्याचं नाव सात शब्दांचं होतं आणि खाली लेखक म्हणून वामनरावांचं नाव त्याहून मोठ्या अक्षरात. आपलंच पुस्तक विचारात घेतलं जात असताना आपण खोलीत बसणं नीतीला धरून नाही, असं म्हणून वामनराव व्हरांड्यात गेले. दार उघडं ठेवून गेले.

मी पानं उलटली. बावीस खुणा. तोच क्रम. संत्र्याच्या व्यापाऱ्याचं बिल, जिनिंगची जाहिरात. नवरीच्या बापाने तेवढं आडनाव बदललं होतं. भाषा मात्र शुद्ध केलेली होती. मी तोंड उघडलं तेव्हा किसनरावांनी हात वर केला. हळू आवाजात म्हणाले, "हे पाहा, पुस्तक परिषदेच्या साहेबाइपुढं ठेवाचं हाय. वरतं डोमाजीचं नाव घातलं, तं…"

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. पुढचं आम्हा सगळ्यांना पाठ होतं. ते शिकायला या देशात कधी पुस्तक लागलं नाही. मी इतिवृत्तात लिहिलं: "एकमताने निवड." त्या एकमतात माझं मतही आहे. इतकी वर्षं झाली. पुढे विनोदी लिहून, लोकांची टवाळी करून पोट भरलं, पण त्या एका शब्दाची टवाळी मला अजून जमलेली नाही.

पुस्तक छापायचं काम आमच्याकडेच आलं. खुणा जुळवणं म्हणजे पितळेच्या पट्ट्या वाकवून, तुटके खिळे उलटे लावून करायची कसरत, आणि ती वऱ्हाडात एकट्या डोमाजीला येत होती. हस्तलिखित त्याच्यापुढे ठेवलं तेव्हा मी माझ्या टेबलाशी मान खाली घालून बसलो होतो. पहिलं पान त्याने वाचलं. दुसरं वाचलं. मग खिळे उचलायला लागला. रोज त्याच्या हातून खिळा जुळवायच्या पट्टीत पडायचा तो ऐकू येत नसे. त्या दिवशी प्रत्येक खिळा ऐकू येत होता. दुपारी तो किसनरावांकडे गेला आणि पाच मिनिटांत परत आला. हे दुसऱ्या कोणाला लावता येईल का, म्हणजे मानच आहे हा तुझा, असं किसनरावांनी त्याला सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो एकोणिसावं पान घेऊन माझ्याकडे आला.

"रीडरसाहेब, हे लावू काय?"

मी बघितलं. खूण क्रमांक सतरा: ओळ आत सरकवा. उदाहरण ठीक होतं. त्याखाली वामनरावांच्या वळणदार अक्षरात दोन शब्द होते: 'मीठ आणणे.'

"कॉपीत आहे?"

"हाय."

"गोलात आहे का?"

"नाही. खालतं रेघ हाय. म्हंजे जाड टाइप."

"मग लाव."

"जाड?"

"जाडच."

त्याने बोट आणखी खाली नेलं. तिथे लिहिलं होतं: 'इंदूला ही खूण तीनदा सांगावी. चौथ्यांदा चहा झाल्यावर सांगावी.' त्याच्याखालीही रेघ होती.

ही इंदू कोण, असं विचारायला मी मान वर केली आणि डोमाजीचं तोंड बघून गप्प बसलो. सगळा उलगडा झाला. हेडमास्तर माणूस. शाळेत ज्याला गोल करतात ते महत्त्वाचं, हमखास परीक्षेला येणारं. वहीतली प्रत्येक गोलातली ओळ वामनरावांनी गोल पुसून, भाषा सुधारून, आदराने जाड टाइपात घेतली होती. बावीस खुणांत अशा अकरा ओळी होत्या.

मी अकोल्याला पत्र टाकून विचारतो, असं मी म्हणालो. मी पत्र टाकणार नाही हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

"गोलाबाहेरचं लावाचं, हा नियम हाय ना?"

"आहे."

"मंग लावतो," तो म्हणाला. "कानामात्रेसगट लावतो."

त्याने ते पुस्तक असं जुळवलं की तसं काम मी आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. प्रूफात मला एकही चूक सापडली नाही. राग आलेला माणूस हातातली वस्तू आपटतो. डोमाजी एकेक वेलांटी नखाने तपासून बसवत होता. प्रूफं अकोल्याला गेली आणि चार दिवसांत तांबड्या शाईत 'छापावे' अशी सही होऊन परत आली. शेजारी वामनरावांनी शेरा मारला होता: "पृष्ठ १९ वरील जाड टाइप अत्यंत ठसठशीत. जुळाऱ्याचे अभिनंदन." मी खाली माझी आद्याक्षरं केली. पाचशे प्रती छापून झाल्या.

नंतर फर्मे मागच्या खोलीत गेले.

इंदूबाईची घडी घालायची एक लय होती. लाकडी पट्टी कागदावरून फिरल्याचा आवाज दिवसभर येत असायचा. तो आवाज थांबला. थोड्या वेळाने ती हातात एक कागद घेऊन केसपाशी आली. छापखान्यात बायकांनी पुढे यायचा रिवाज नव्हता, त्यामुळे मशीनवाल्यानेही मशीन थांबवलं.

"हे तुमी लावलं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हो."

"दिसलं नाही तुमाले?"

"दिसलं."

"मंग?"

"गोल नवता."

तिने हातातला कागद त्याच्या केसवर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी कुठल्याही इतिवृत्तात लिहिलं नाही. त्यानंतर ती जे बोलली त्यातला बराचसा भाग वामनरावांच्या मातोश्रींसंबंधी असल्याने गाळतो. उरलेल्याचा सारांश असा: पाचशे घरांत तिला ढ म्हणून पोचवलं, तिच्या घरचं मीठ संपलेलं जाड टाइपात सांगितलं, नवऱ्याच्या दोन वर्षांच्या रात्री चोरल्या, आणि चोरताना ज्याने काय चोरलं तेही वाचलं नाही, असा चोर तिने बापजन्मात बघितला नव्हता.

"थांबा आता," शेवटी ती म्हणाली. "मी घेते त्याहिले गोलात."

घड्या घालणार नाही, असं तिने किसनरावांना तोंडावर सांगितलं. प्रकाशन समारंभ आठ दिवसांवर होता आणि घड्या घालणारी दुसरी बाई नव्हती. म्हणून समिती बसली. तत्त्वासाठी बसली असं कोणी समजू नये.

वामनराव सकाळच्या गाडीने आले. बसण्यापूर्वी त्यांनी बाकावरून हात फिरवून बघितला. इंदूबाई दारात उभी होती, हातात घडी न घातलेला फर्मा. किसनरावांनी तिला सबुरीने घ्यायला सांगितलं. तिने ते ऐकलं नाही. सरळ वामनरावांना विचारलं.

"गुरुजी, हे मीठ काय हाय?"

वामनराव प्रसन्न झाले. निवृत्तीनंतर त्यांना कोणी प्रश्न विचारत नसे. ओळ आत सरकवली की डावीकडे मोकळी जागा पडते, ते म्हणाले. ही मोकळी जागा म्हणजे मजकुरातलं मीठ. जास्त झालं तर खारट, नसलं तर अळणी. 'आणणे' याचा अर्थ ती जागा जुळाऱ्याने विवेकाने आणावयाची. इतकं सुंदर बोलले की क्षणभर माझाही विश्वास बसला.

"ते बेस्तरवारी सरलं होतं," इंदूबाई म्हणाली. "अन् याहिनं आनलं बी नाही. शेजारून मागलं मी." मग तिने पुढची ओळ दाखवली. "अन् हे इंदू कोन?"

"इंदू ही एक आदर्श विद्यार्थिनी आहे. काल्पनिक."

"काल्पनिक," ती म्हणाली. तिने हातातला फर्मा उलटा करून बघितला, जणू मागे आणखी काही छापलेलं असेल. "काल्पनिक बाई तुमच्या पुस्तकाच्या घड्या घालते काय, गुरुजी? अकरा वर्सं झाले घालून राहिली."

वामनरावांचा आवाज चढला. त्या वाक्याला महत्त्व आहे म्हणूनच घेतलं, ते म्हणाले. चांगलं गोल करून ठेवलेलं होतं.

"कुठं?"

किसनरावांनी पानाचा डबा उघडला.

"कुठं होतं गोल करून?"

वामनराव खिडकीबाहेर बघू लागले. उत्तर इंदूबाईच्या मागून आलं. डोमाजी तिथे कधी येऊन उभा राहिला होता कोणाला कळलं नव्हतं.

"वहीत," तो म्हणाला.

कोणत्याही सरळ माणसाला वाटेल की इथे गोष्ट संपली. मलाही वाटलं. पण समितीचं काम सरळ माणसांसारखं चालत नाही. किसनरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले की झालं ते झालं. कागद महाग आहे, पाचशे प्रती छापून तयार आहेत, साहेबांना आमंत्रण गेलं आहे. तेव्हा मार्ग काढू. मार्ग असा निघाला: एक शुद्धिपत्र छापायचं. वही परत मागायचा विषय निघाला तेव्हा ती आता संघाच्या दप्तरात आहे असं कळलं. दप्तर वामनरावांच्या कपाटात होतं. नावाचा विषय डोमाजीने स्वतः काढला. त्यावर, प्रस्तावनेत 'अनेकांचे साहाय्य झाले' असं वाक्य आहेच, त्या अनेकांत तू आलास, असं त्याला समजावण्यात आलं.

डोमाजीने विचारलं, "अनेकात किती जन हाय?"

मी लिहिलं: "चर्चा होऊन विषय संपला."

शुद्धिपत्र चार बोटं रुंद होतं, अकरांपैकी दोनच ओळींपुरतं. 'पृ. १९: "इंदूला" ऐवजी "विद्यार्थ्याला" असे वाचावे. "मीठ आणणे" हे वाचू नये.' चूक केली वामनरावांनी. ती निस्तरायचा कागद जुळवला डोमाजीने, तपासला मी, आणि पाचशे प्रतींत चिकटवायचा होता इंदूबाईने. ती नाही म्हणेल अशी किसनरावांना धास्ती होती. ती हो म्हणाली. एवढंच म्हणाली की चिकटवण्याच्या कामात कोणी मधे येऊ नये. राग गेला, असं किसनराव मला म्हणाले, आणि पानाचा डबा पुढे केला. मी पान घेतलं.

शनिवारी सकाळी बडनेऱ्याहून पॅसेंजरने आम्ही अकोल्याला निघालो. प्रकाशनापुरत्या पन्नास प्रती तेवढ्या पहाटेपर्यंत चिकटवून तयार झाल्या होत्या; त्यांचे दोन गठ्ठे. एक डोमाजीच्या खांद्यावर, दुसरा इंदूबाईच्या मांडीवर. गठ्ठे उचलायला माणसं लागतात म्हणून त्या दोघांना आणलं होतं. गाडीत मूर्तिजापूरला डोमाजीने बायकोला विचारलं, लावलं काय सगळ्याइले? ती म्हणाली, लावलं.

समारंभ जुन्या शहरातल्या एका वाचनालयाच्या दिवाणखान्यात होता. परिषदेकडून एक साहेब आले होते. उंच, चष्मेवाले, घाईत असलेले. संघाचे पंचवीस-तीस छापखानेवाले गाद्यांवर बसले होते. वामनराव मनुष्यजातीवर बोलले. या खेपेला धोतर कोरं होतं. हे पुस्तक म्हणजे आपल्या तपश्चर्येचं फळ, असं म्हणताना त्यांचा गळा भरून आला, आणि तो खरोखर भरून आला होता, हे मी शपथेवर सांगतो. मला त्या माणसाची चीड आहे ती त्याचसाठी. खोटं बोलला असता तर मी केव्हाच माफ केलं असतं.

साहेबांनी प्रकाशन करायचं म्हणजे फीत सोडवायची आणि पुस्तक उघडायचं. किसनरावांनी खूण केली. डोमाजीने गठ्ठा सोडला आणि वरची प्रत चौरंगावर ठेवली. साहेबांनी फीत सोडवली, पुठ्ठा उचलला, आणि पुस्तक आपोआप दुभंगून एकोणिसाव्या पानावर पडलं.

पुस्तकबांधणीत हात घातलेल्या कोणालाही ते का पडलं हे कळेल. शुद्धिपत्र लावायचं ते पहिल्या पानावर, असा रिवाज आहे. इंदूबाईने ते मूळ चुकीच्याच पानावर लावलं होतं, अगदी शिलाईत खोल बोट घालून. तशी चिठ्ठी लावली की पुस्तक जन्मभर त्याच पानावर उघडतं. कुठूनही धरा, कोणीही धरा. दोन्ही गठ्ठ्यांतल्या पन्नासही प्रती तशाच होत्या. छापखानेवाल्यांनी गठ्ठ्यांतून एकेक प्रत घेऊन उघडली, आणि दिवाणखानाभर एकोणिसावं पान उघडलं.

साहेब वाचायची सवय असलेले होते. त्यांनी शुद्धिपत्र मोठ्याने वाचलं. मग ते बोटाने वर उचललं आणि खालचा जाड टाइपही मोठ्याने वाचला. 'इंदूला ही खूण तीनदा सांगावी. चौथ्यांदा चहा झाल्यावर सांगावी.' मागच्या गादीवर कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी चष्मा काढला.

"ही इंदू कोण?"

किसनराव वामनरावांकडे बघू लागले. वामनराव छताकडे बघू लागले. मी इतिवृत्ताच्या वहीत तारीख पुन्हा एकदा लिहिली.

"मी," दारातून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. इंदूबाई उंबऱ्याशी उभी होती. पदर खोचलेला, मनगटापर्यंत खळीचे पांढरे डाग. तिच्या शेजारी डोमाजी. तोही पुढे आला आणि म्हणाला, "अन् लिवलं मी."

साहेब एकदा त्या दोघांकडे, एकदा मुखपृष्ठावरच्या नावाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता होईल ते होईल. आता साहेब विचारतील, आता ही बाई सगळं सांगेल, आता आपल्यालाही उठावं लागेल. वामनरावांनी डोळे मिटले होते. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुस्तक मिटण्यासाठी पुठ्ठ्याला हात घातला.

"मिटू नका, साहेब," इंदूबाई म्हणाली. "खळ ओली हाय. राहू द्या तसंच उघडं थोडा वेळ."